ई१ वरच्या हत्तीला काम काय?

वाचकाचे पत्र (संक्षेपाने): "मी बँकेतून निवृत्त झालो असून माझे वय ६२ आहे. रोज सकाळी मोबाइलवर बुद्धिबळाची कोडी सोडवतो आणि दोन-तीन चालींत मात करण्याची कोडी मला बहुधा अर्ध्या मिनिटात सुटतात. मात्र जुन्या मासिकांत 'पांढऱ्याची चाल, दोन चालींत मात' असे लिहून छापलेल्या रचना समोर आल्या की तासभर बसूनही हाती काही लागत नाही. मग मीच एक रचना केली. पांढरे: राजा जी१ (अक्षर म्हणजे पटावरची उभी रांग, पांढऱ्याच्या डावीकडून ए ते एच; अंक म्हणजे आडवी रांग, पांढऱ्याकडून १ ते ८), वजीर ई६, हत्ती ई१, घोडा एच६. काळे: राजा एच८, हत्ती ए८, प्यादी जी७ आणि एच७. उत्तर असे: वजीर जी८ वर शह देतो, काळ्याला तो हत्तीने मारावाच लागतो, आणि घोडा एफ७ वर जाऊन मात करतो. परदेशातील एका कोडे-सदराकडे ती पाठवली, तर 'आणखी एक उत्तर आहे, शिवाय कल्पना जुनी' एवढ्या शेऱ्यानिशी परत आली. भाचा म्हणतो की संगणक हे सगळे क्षणात करतो, मग मामा, तुम्ही डोके कशाला शिणवता? माझे चुकते कुठे, आणि या वयात रचना करायला शिकता येईल का?"

सप्रेम नमस्कार.

आपण रचना उत्तरासह कळवलीत हे बरे झाले. इतरांच्या रचना सुटत नाहीत आणि स्वतःची टिकली नाही, या आपल्या दोन अडचणी वेगळ्या वाटत असल्या तरी त्यांचे मूळ एकच आहे आणि ते आपल्या पटावरच्या आठ मोहऱ्यांत दिसते. आपण पट पांढऱ्याच्या खुर्चीतून पाहता. मात देणारा पांढरा असतो, त्यामुळे हे स्वाभाविक आहे. पण दोन चालींच्या रचनेचा खरा व्यवहार काळ्याच्या खुर्चीत चालतो.

आधी त्या शेऱ्याचा पहिला भाग पाहू. एच६ वरचा घोडा जी८ हे घर राखतो, म्हणून काळा राजा तिथे आलेला वजीर मारू शकत नाही, हत्तीनेच मारावा लागतो, आणि मग स्वतःच्याच हत्ती-प्याद्यांत अडकलेल्या राजाला एफ७ वरच्या घोड्याची मात चुकवता येत नाही. इथपर्यंत आपले गणित बिनचूक आहे. आता तोच वजीर जी८ ऐवजी ई८ वर नेऊन शह द्या. काळ्या राजाला जी८ वर सरकता येत नाही, मध्ये आणायला दुसरा मोहरा नाही, म्हणून ए८ वरच्या हत्तीने वजीर मारणे एवढीच चाल उरते. तसे होताच ई१ वरचा आपला हत्ती सरळ वर जाऊन ई८ वर मारतो आणि तिथेच मात होते. हे दुसरे उत्तर आपल्या उत्तराइतकेच पक्के आहे, आणि दोन पहिल्या चालींनी सुटणारी रचना सदोष ठरते, मग कर्त्याच्या मनात त्यांपैकी कोणतीही असो.

हे कसे घडले, ते अधिक महत्त्वाचे. आपल्या अभिप्रेत उत्तरात ई१ चा हत्ती जागचा हलत नाही, कोणतेही घर राखत नाही, कोणाला रोखतही नाही. खऱ्या डावातला पट वाटावा म्हणून आपण तो ठेवला असावा असा माझा तर्क आहे. डावात असा हत्ती शोभतो. रचनेत मात्र बिनकामाचा मोहरा नुसता बसून राहत नाही, तो स्वतःसाठी काम शोधतो, आणि आपल्या हत्तीने तेच केले. तो पटावरून उचला, म्हणजे ई८ वरचा शह निष्फळ होतो, कारण हत्तीने वजीर मारल्यावर पांढऱ्याजवळ मात देण्यासारखे काही उरत नाही.

हत्ती उचलला तरी शेऱ्याचा दुसरा भाग राहतोच. वजीर जी८ वर बळी देऊन घोड्याने गुदमरवून मात करण्याची ही युक्ती स्पेनमध्ये १४९७ च्या सुमारास छापल्या गेलेल्या लुसेनाच्या पुस्तकात आहे, आणि अठराव्या शतकातल्या फिलिदोर या फ्रेंच खेळाडूचे नाव तिला पुढे चिकटले आहे. ती आपल्याला स्वतंत्रपणे सुचली असेल तर त्यात कमीपणा नाही, परंतु नवी रचना म्हणून ती कोणी छापणार नाही. त्याखेरीज आणखी एक अडचण संपादकाने लिहिली नाही, ती मी लिहितो: आपल्या उत्तराची पहिली चालच शह देते. शहाने काळ्याचे हात बांधले जातात. त्याच्यापुढे एकच चाल उरते आणि सोडवणाऱ्याला विचार करायला जागा राहत नाही. पहिली चाल शह देणारी किंवा मोहरा मारणारी नसावी, उलट तिने काळ्याला मोकळीक दिली तर उत्तम, असा या कलेतला जुना दंडक आहे. त्याला सन्मान्य अपवाद आहेत, पण ते अपवाद करण्याइतका हात बसेपर्यंत दंडक पाळावा.

आपल्याला छापील रचना का सुटत नाहीत, याचेही उत्तर इथेच आहे. लिचेस या बुद्धिबळाच्या संकेतस्थळासारख्या ठिकाणची कोडी खऱ्या डावांतून उचललेली असतात. डावात निर्णायक घाव बहुधा शहाने, माऱ्याने किंवा थेट धमकीने पडतो, म्हणून रोजच्या सरावाने आपली नजर आधी शह, मग मारा, मग धमकी अशा क्रमाने फिरायला शिकली आहे. प्रत्यक्ष खेळताना हाच क्रम उपयोगी पडतो, तो विसरू नका. पण रचनाकार हा क्रम जाणून असतो आणि उत्तर मुद्दाम त्या वाटेवरून बाजूला ठेवतो. आपण तासभर जे शह तपासत बसता, ते चुकावेत अशीच त्याने तजवीज केलेली असते.

एक पट मांडा. पडद्यावर नको, लाकडी किंवा प्लॅस्टिकचा, हाताने. पांढरे: राजा सी८, हत्ती ए१, प्यादे बी६. काळे: राजा ए८, उंट बी८, प्यादी ए७ आणि बी७. पांढऱ्याची चाल, दोन चालींत मात. ही रचना न्यू ऑर्लिन्सच्या पॉल मॉर्फीची असून ती १८५६ साली न्यूयॉर्कच्या एका साप्ताहिकात छापून आली. पुढे दोनच वर्षांत युरोपातल्या नामांकित खेळाडूंना हरवणारा मॉर्फी रचनाकार म्हणून ओळखला जात नाही, पण हे सात मोहरे मी शिकवण्यासाठी पुनःपुन्हा वापरतो, कारण त्यांत वाया गेलेले काही नाही.

पुढे वाचण्यापूर्वी थोडा वेळ स्वतः झगडा. मग असे करा: पांढऱ्याची चाल आहे हे क्षणभर बाजूला ठेवा आणि आत्ता काळ्याचीच पाळी असती तर त्याने काय केले असते, ते एकेक करून पाहा. उंट हलला, मग तो त्या तिरप्या रेषेवर सी७ पासून एच२ पर्यंत कुठेही जावो, की ए७ च्या प्याद्याचा राखणदार गेला. हत्ती ते प्यादे मारतो आणि मात होते, कारण ए७ वर आलेल्या हत्तीला बी६ च्या प्याद्याचा आधार आहे आणि बी८ हे घर पांढऱ्या राजाच्या ताब्यात आहे. बी७ चे प्यादे समोरून अडलेले आहे. ए७ चे प्यादे बी६ वर मारू शकत नाही, कारण हत्तीने ते राजासमोर जखडले आहे. परंतु तेच प्यादे एक किंवा दोन घरे पुढे सरकू शकते, आणि ते सरकले तर पांढऱ्याजवळ उत्तर नाही. काळ्याच्या साऱ्या चालींची तयारी झालेली आहे, फक्त या एका प्याद्याची नाही.

आता प्रश्न केवढा लहान झाला पाहा. 'मात कशी करू' हा प्रश्न संपला आणि 'ए७ च्या प्याद्याला जागच्या जागी कसे थांबवू' एवढाच उरला. प्यादे थांबवायचे तर त्याच्यासमोर काहीतरी ठेवावे लागेल, आणि ठेवण्याजोगा एकच मोहरा आहे. हत्ती ए६! काळ्याने बी७ च्या प्याद्याने तो मारला, तर बी६ चे आपले प्यादे मोकळ्या झालेल्या बी७ वर सरकते आणि मात करते. ते मारायला राजा येऊ शकत नाही, कारण पांढरा राजा ते राखतो. हत्ती मारला नाही, तर उंट हलवावाच लागतो आणि ए७ वर आधी पाहिलेली मात होते. कोणतीही धमकी न देता काळ्याला केवळ चाल करायला भाग पाडून हरवण्याच्या या अवस्थेला बुद्धिबळपटू झुगझ्वांग म्हणतात, आणि निम्म्याअधिक नवख्यांचे घोडे याच ठिकाणी अडते, कारण ते धमकी शोधत राहतात.

हत्ती ए१ वरच का, ए५ वर का नाही, असे आपण विचाराल. ए५ वर असता तरी उत्तर हेच राहिले असते. पण ए१ वरून ए२, ए३, ए४, ए५ अशी चार घरे सोडवणाऱ्याला खुणावतात आणि चारही ठिकाणी काळ्याचे ते एक प्यादे पुढे सरकून बेत मोडते. जवळजवळ बरोबर असलेल्या, एकाच उत्तराने फसणाऱ्या अशा चालींना रचनेत फार मोल असते. छापील उत्तर वाचताना केवळ खरी चाल वाचून पुढे जाऊ नका. फसणाऱ्या चाली कोणत्या आणि प्रत्येक कशाने फसते, हेही वहीत लिहा, कारण कर्त्याचे अर्धे कष्ट तिथे गेलेले असतात.

याच पटावर दुसरा प्रयोग करा, आणि तो मला सोडवण्यापेक्षाही अधिक शिकवणारा वाटतो. एकेक मोहरा उचलून काय बिघडते ते पाहा. काळा उंट उचलला, तर हत्ती लगेच ए७ वर मारून एका चालीत मात करतो. बी७ चे काळे प्यादे उचलले, तर पांढरे प्यादे बी७ वर जाऊन एका चालीत मात करते. ए७ चे प्यादे उचलले, तर काळ्या राजाला आधीच शह बसलेला असतो. आता उंटाऐवजी दुसरे काही ठेवून पाहा. वजीर किंवा हत्ती ठेवला, तर शेजारच्या सी८ वरच्या पांढऱ्या राजाला शह बसतो. घोडा ठेवला, तर तो ए७ राखत नाही, म्हणून हत्ती लगेच ए७ वर मारून एका चालीत मात करतो आणि सगळा डोलारा कोसळतो. म्हणजे बी८ वर उंटच हवा. पांढरा राजाही सी८ वरच हवा. सी७ वर ठेवला तर उंटाचा शह बसेल. सातपैकी प्रत्येकाला आपल्या जागी असण्याचे कारण आहे. आपल्या रचनेतील ई१ च्या हत्तीला हा एक प्रश्न विचारला असता, तर तिचे दुसरे उत्तर पाठवण्याआधीच आपल्याला दिसले असते.

जाता जाता सांगतो की या उत्तरातली एक मात प्याद्याची आहे, आणि आपल्याकडच्या जुन्या देशी बुद्धिबळात प्यादेमात फार मानाची समजली जात असे. १८१४ साली मुंबईत त्रिवेंगडाचार्य शास्त्री यांचा कोड्यांचा संस्कृत ग्रंथ इंग्रजीत, युरोपीय पद्धतीच्या खेळाला जुळवून छापला गेला. म्हणजे मॉर्फीच्या जन्माच्या कितीतरी आधी मातेच्या रचना मुंबईत छापून निघत होत्या. या छंदाचे परकेपण वाटत असेल, तर ते मनातून काढा.

सोडवण्याच्या पद्धतीत आणखी थोडे. काळ्याच्या चाली तपासताना तीन गोष्टी आधी पाहाव्यात: त्याच्या राजाला निसटायला एखादे मोकळे घर आहे का, तो आपल्या राजाला शह देऊ शकतो का, आणि तो आपला एखादा महत्त्वाचा मोहरा मारू शकतो का. यांपैकी एखाद्या चालीला पटावर आधीपासून उत्तर नसेल, तर पहिली चाल त्याच दिशेला असण्याची शक्यता फार मोठी असते. त्यानंतर पांढऱ्याचा सर्वांत दूरचा, सर्वांत निरुद्योगी दिसणारा मोहरा शोधा. जाणत्या कर्त्याने तो उगीच ठेवलेला नसतो. कधी तोच पहिली चाल करतो, कधी एखाद्याच प्रकारात त्याचे काम निघते. काळ्याची प्रत्येक चाल आणि तिच्यावरची मात कागदावर येईपर्यंत रचना सुटली असे समजू नये. किल्लेकोट आणि जाता-जाता प्यादे मारणे यांचे संकेत वेगळे आहेत: किल्लेकोट अशक्य असल्याचे सिद्ध होत नसेल तर तो चालतो, पण जाता-जाता मारण्याची पहिली चाल, आधीची चाल दोन घरांचीच होती हे पटावरून सिद्ध झाले तरच चालते. अशा रचना क्वचित भेटतात, तेव्हा त्यावर फार वेळ घालवू नका.

आता रचना करण्याविषयी. आपण चांगली वाटलेली युक्ती घेतलीत आणि तिच्याभोवती मोहरे मांडलेत; पुढून मागे न जाता मागून पुढे या. मॉर्फीचा पट उलट बाजूने उभा करू. सुरुवात शेवटच्या चित्राने करा: काळा राजा ए८, त्याचे प्यादे ए७, पांढरे प्यादे बी७ वर मात देत आहे आणि सी८ चा राजा त्याला आधार देतो आहे. एक पाऊल मागे या: प्यादे बी६ वर आहे आणि बी७ वर काळ्याचे प्यादे वाट अडवून उभे आहे. ते हटवायचे तर त्याने बाजूला काहीतरी मारले पाहिजे, म्हणून ए६ वर त्याला हत्ती देऊ करा. पण काळा तो का घेईल? दुसरे काही केले तरी मात होत असेल तरच. म्हणून काळ्याला हलवता येईल असा एक मोहरा द्या, जो हलताच त्याने राखलेले घर उघडे पडेल. तो बी८ चा उंट. शेवटी हत्तीला ए६ पासून जितके दूर नेता येईल तितके न्या. असे मागे-मागे येताना प्रत्येक मोहरा गरजेपोटी पटावर येतो, आणि गरजेपोटी आलेला मोहरा सहसा दुसरे उत्तर निर्माण करत नाही.

काळ्याच्या खुर्चीत बसण्याचे याहून खोल उदाहरण हवे असेल, तर ते दिल्लीहून लंडनला गेलेले आहे. १८४५ साली तिथल्या 'चेस प्लेयर्स क्रॉनिकल' या मासिकात 'शागीर्द' या टोपणनावाने चार चालींची एक रचना प्रसिद्ध झाली. तिचे कर्ते रेव्हरंड हेन्री ऑगस्टस लव्हडे होते आणि आजही जगभर ती भारतीय कोडे म्हणून ओळखली जाते. तीत पांढरा आपला उंट एका विशिष्ट घरावरून ओलांडून पलीकडे मागे नेतो, मग त्याच घरावर स्वतःचा हत्ती आणून उंटाची वाट मुद्दाम बंद करतो. असे केले नाही तर काळ्या राजाला चालच उरत नाही आणि डाव स्टेलमेटने बरोबरीत सुटतो. वाट बंद झाल्यामुळे राजाला एक पाऊल टाकता येते, आणि मग हत्ती बाजूला होताच उंटाचा शह उघडून मात होते. काळ्याला चाल मिळावी यासाठी पांढऱ्याने स्वतःचीच ताकद काही काळ अडवणे हा विचार इतका नवा होता की त्यावर पुढे रचनांची एक शाखाच वाढली. शह देत सुटणाऱ्या नजरेला तो कधीच सुचला नसता.

भाच्याच्या प्रश्नाकडे वळू. त्याचे म्हणणे खरे आहे आणि ते आपल्याच फायद्याचे आहे. पूर्वी कर्त्याला आपल्या रचनेतले दुसरे उत्तर महिन्यांनी, एखाद्या चिकाटीच्या वाचकाच्या पत्रातून कळत असे. आज 'पोपाय' हा मोफत मिळणारा, खास रचनांसाठी बनवलेला प्रोग्राम दोन चालींच्या रचनेची झाडून सगळी उत्तरे क्षणात दाखवतो, आणि सांगितले तर काळ्याची पाळी असती तर काय झाले असते हेही, कोणत्या चाली एकाच उत्तराने फसतात हेही दाखवतो. खेळासाठी बनवलेली स्टॉकफिशसारखी इंजिने एक उत्तर मिळाले की समाधान मानतात, म्हणून त्यांच्यावर विसंबायचे तर एकाच वेळी अनेक ओळी, म्हणजे चालींच्या पर्यायी मालिका, दाखवण्याची सोय चालू करावी लागते. आपली रचना पाठवण्यापूर्वी पोपायला दाखवली असती, तर ई८ वरचा शह घरबसल्या समजला असता. हे काम भाच्याकडेच सोपवा. मात्र दोष नाही म्हणजे रचना चांगली आहे असे यंत्र सांगू शकत नाही. कोणती फसणारी चाल मोहक आहे, कोणता मोहरा रसहीन आहे, हे ठरवणे आपल्याकडे राहते. आणि कल्पना आधी कोणी वापरली आहे का, हे पाहण्यासाठी 'वायएसीपीडीबी' नावाचा खुला संग्रह आहे. त्यात आपल्या मोहऱ्यांची मांडणी घालून शोध घेता येतो. तो घेतल्याशिवाय यापुढे काही पाठवू नये.

वयाविषयी आपण विचारलेत. इंग्लंडचे कॉमिन्स मॅन्सफिल्ड हे दोन चालींच्या रचनांतले फार मोठे नाव. तंबाखूच्या कंपनीत नोकरी करत त्यांनी आयुष्यभर रचना केल्या, आणि रचनाकारांना ग्रँडमास्टर किताब देणे १९७२ साली सुरू झाले तेव्हा पहिल्या चार मानकऱ्यांत ते होते. त्यांचा जन्म १८९६ चा. अर्थात त्यांनी तरुणपणीच सुरुवात केली होती, त्यामुळे खोटा दिलासा देत नाही. आज या किताबासाठी 'फिडे अल्बम' या निवडक रचनांच्या संग्रहात घेतल्या गेलेल्या रचनांचे ७० गुण लागतात आणि ते जमायला दशके जातात. पण एक निर्दोष, नीटनेटकी, छापण्याजोगी दोन चालींची रचना करणे हे वेगळे उद्दिष्ट आहे आणि ते आपल्या आवाक्यात आहे. पटावर जलद आकडेमोड करण्याची शक्ती वयाने कमी होते, परंतु इथे घड्याळ नसते आणि एका पटावर महिनाभर बसले तरी कोणी हरकत घेत नाही.

माझे मत विचाराल तर ती घोड्याची गुदमरवणारी मात सध्या सोडून द्या. तिच्यात काळ्याच्या हाती काहीच नसते, आणि शहाशिवाय तिच्यापर्यंत पोहोचवणारी रचना करणे अनुभवी कर्त्यालाही जड जाते. सात किंवा त्याहून कमी मोहऱ्यांच्या रचनेला मिनिएचर म्हणतात. आपण मिनिएचरपासून सुरुवात करा, झुगझ्वांगावर आधारलेल्या, काळ्याला दोन-तीनच चाली असलेल्या. वहीत पटाचे चित्र काढा आणि खाली काळ्याची प्रत्येक चाल व तिचे उत्तर लिहा. एखाद्या चालीला मात देण्याचे दोन मार्ग सापडले, तर तोही दोषच मानून मांडणी बदला. मोहरा वाढवून दोष झाकण्याचा मोह होईल. आधी एक मोहरा कमी करून किंवा सगळी मांडणी एका घराने सरकवून पाहा, पुष्कळदा तेवढ्यानेच काम भागते.

पुन्हा पाठवताना पटाचे चित्र, 'दोन चालींत मात' ही अट, सर्व प्रकारांसह पूर्ण उत्तर आणि आपले नाव-पत्ता एवढे कागदावर असावे. आपल्या पहिल्या पत्रात बहुधा केवळ मुख्य ओळ होती. ब्रिटिश चेस प्रॉब्लेम सोसायटी ही १९१८ पासून चालत आलेली संस्था 'द प्रॉब्लेमिस्ट' हे नियतकालिक काढते. अशा नियतकालिकांत वर्षभरात आलेल्या नव्या रचना आपोआप स्पर्धेत धरल्या जातात आणि मागाहून एक परीक्षक बक्षिसे, सन्माननीय उल्लेख आणि शिफारशी जाहीर करतो. छापून यायला कित्येक महिने लागतात, म्हणून दरम्यान तीच रचना दुसरीकडे पाठवू नये. तसे करणे फार वाईट समजले जाते.

सोडवण्याच्या सरावासाठीही बाहेरचे मोजमाप हवे असेल, तर जागतिक सोडवणूक अजिंक्यपद स्पर्धेची रीत घरी वापरून पाहा. ही स्पर्धा १९७७ पासून होते आणि तीत पहिल्या फेरीला दोन चालींच्या तीन रचना वीस मिनिटांत सोडवायच्या असतात. या फेरीत फक्त पहिली चाल लिहावी लागते, आणि ती चुकली तर त्या रचनेचा एकही गुण मिळत नाही. गणितात डॉक्टरेट असलेले इंग्लिश ग्रँडमास्टर जॉन नन यांनी ती २००४, २००७ आणि २०१० साली जिंकली, आणि ते पटावरचेही बलवान खेळाडू होते, म्हणजे एक नजर दुसरीला मारक ठरते असे नाही. जगभर अनेक ठिकाणी एकाच दिवशी होणारी आंतरराष्ट्रीय सोडवणूक स्पर्धा जानेवारीत असते. तिच्या जुन्या प्रश्नपत्रिकांतील दोन चालींच्या रचना आधी वेळ न लावता, काळ्याच्या सर्व चाली लिहीत सोडवा; वीस मिनिटांचे घड्याळ लावण्याची घाई नको. जिथे अडाल तो पट, आपण तपासलेल्या चालींसह, मला जरूर पाठवा. नुसते 'सुटले नाही' असे कळवले तर मला काही सांगता येणार नाही.